आजोबांचा सोमवारचा ताप

आज बचत गटाच्या हिशेबाचं काही बोलणार नाही. कर्ज, व्याज, दशसूत्री, सगळं आज बाजूला. आज मी माझ्या आईच्या वडिलांविषयी बोलणार आहे. अर्थात त्यांच्याविषयी बोलायला लागले की आजी मध्ये येणारच. तिला टाळून आमच्या घरातलं काही सांगता येत नाही.

शाळेत बाईंनी विचारलं होतं, तुझे आजोबा काय करायचे? मी उभी राहून सांगितलं, कप करायचे. वर्ग हसला. माझ्या डोळ्यांसमोर चहाचे कप होते, पांढरे, निळ्या फुलांचे. आमच्या घरी तसे चार होते आणि ते आजोबांनीच केलेले असणार अशी माझी समजूत होती. घरात सगळेच म्हणायचे, ‘ते कप खात्यात होते.’ कसले कप, हे कोणी सांगितलं नाही. आजोबांनी तर नाहीच. ते निवृत्त झाले तेव्हा मी रांगत होते. कारखान्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, ‘सरकारी काम होतं ते.’ विषय तिथेच मिटायचा. पुढे मला कळलं की संरक्षणाच्या कारखान्यातल्या माणसाला कामाविषयी बाहेर बोलायची मुभा नसते. १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा आहे, त्याची धास्ती असायची. आजोबांच्या बाबतीत ती धास्ती त्यांच्याबरोबरच गेली. ते २००९ साली वारले, तोवर एक शब्द बोलले नाहीत.

हे सगळं मी शोधायला लागले ते मावशीमुळे. मावशी १९९८ साली विधवा झाली आणि माहेरी आली. आजी-आजोबांचं दुखणंखुपणं तिनेच केलं. आजोबांच्या मागे आजीला निवृत्तिवेतन मिळायचं, त्यात दोघी भागवत होत्या. २०२१ साली आजी गेली आणि ते पैसे थांबले. मावशीच्या हातात उरलं ते पापड लाटायचं काम आणि दोन घरची पोळीभाजी. एकदा गटाच्या बैठकीत एका ताईंनी सहज सांगितलं की केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाच्या विधवा मुलीलाही निवृत्तिवेतन मिळू शकतं. मी आधी विश्वास ठेवला नाही. मग चौकशी केली. ते खरं निघालं.

नियम थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी हे लागू असेल. आई-वडील दोघंही हयात नाहीत, आधी हक्क असलेलं दुसरं भावंड नाही, मुलगी विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित आहे आणि आई-वडिलांवर अवलंबून होती, तर वय पंचविसाच्या पुढे असलं तरी तिचा हक्क बनतो. वैधव्य मात्र आई-वडिलांपैकी निदान एकजण हयात असतानाचं हवं, आणि घटस्फोट असेल तर त्याचा दावा तरी तेव्हा दाखल झालेला हवा. आणि तिची स्वतःची कमाई ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत हवी. मावशीची कमाई त्याच्या निम्मीही नाही.

पण अर्ज करायचा तर आजोबांची नोकरी कागदावर दाखवायला हवी. कोणत्या साली लागले, कोणत्या खात्यात होते, टोकन नंबर काय, निवृत्त कधी झाले. घरात एकालाही हे सांगता येईना. ‘कप खात्यात होते’ एवढंच.

मग आम्ही आजीची पत्र्याची ट्रंक काढली. वर लग्नातला शालू, खाली डांबराच्या गोळ्या, त्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. त्यात जुनं रेशन कार्ड, पगाराच्या चार पावत्या, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे ज्याला पीपीओ म्हणतात ती. आणि तळाशी एक पितळी बिल्ला, भोक पाडलेला, त्यावर नंबर ठोकलेला. मावशी म्हणाली, ‘हे मी लहानपणी गळ्यात घालून खेळायचे. मार खाल्लाय त्यावरून.’

मैत्रिणींनो, घरातल्या जुन्या कागदांत पीपीओ सापडला तर तो सोन्यासारखा जपा. त्यावर जन्मतारीख असते, नोकरी किती वर्षं झाली ते असतं, शेवटचा पगार असतो, हुद्दा असतो. आमच्या कागदावरून कळलं की आजोबा १९५७ साली मजूर म्हणून लागले आणि १९९० साली निवृत्त झाले. तेहतीस वर्षं. मी हिशेब केला. या तेहतीस वर्षांत देशाने तीन मोठ्या लढाया पाहिल्या, १९६२, १९६५ आणि १९७१. तिन्ही वेळा आजोबा कारखान्यात होते.

पण त्याही आधीची एक लढाई आहे, तिच्यापासून सुरुवात करायला हवी.

आजोबांचं गाव मलंगगडाच्या पायथ्याच्या बाजूला. पणजोबांची स्वतःची जमीन नव्हती, दुसऱ्यांच्या शेतात भात लावायचे, कापायचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने नेवाळीच्या माळावर विमानांसाठी धावपट्टी केली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतली शेतं घेतली. ज्यांची जमीन गेली त्यांचं दुःख सगळ्यांना दिसलं. त्या जमिनीचा वाद अजून शांत झालेला नाही. जून २०१७ मध्ये नेवाळीला केवढं आंदोलन पेटलं होतं, ते आपल्याकडच्या सगळ्यांना आठवत असेल. पण ज्यांची जमीनच नव्हती, ज्यांचं फक्त त्या जमिनीवरचं काम गेलं, त्यांचं नाव कुठल्या यादीत आलं? पणजोबांचं काम असंच गेलं.

ते गेले कल्याण कॅम्पच्या बांधकामावर. आज आपण ज्याला उल्हासनगर म्हणतो, ते त्या काळी सैन्याचं मुक्कामाचं ठिकाण होतं. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील एवढा पसारा. बराकीच दोन हजारांच्या वर. घमेली, विटा, चुना, कौलं सगळं माणसांनी वाहिलं. पणजी पण जायची. आजोबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, पाणी द्यायला जायचे असं आजी सांगायची. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, घरदार सोडून, हातात काही नसताना. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. आज रिक्षावाला ‘कॅम्प तीन, कॅम्प चार’ ओरडतो, ते कॅम्प म्हणजे तेच. मी उल्हासनगरला गटासाठी कापड घ्यायला जाते तेव्हा नेहमी वाटतं, यातल्या कुठल्या तरी भिंतीत पणजीच्या हातची वीट असेल.

इकडे अंबरनाथला तोवर कारखान्यांची सवय झालेली होती. स्वीडिश कंपनीचा काड्यापेट्यांचा मोठा कारखाना, विमको, लढाईच्या आधीपासूनचा. कारखाना गेला, पण विमको नाका हे नाव राहिलं. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की सैन्याला लागणारं सामान आणि ते बनवणारी यंत्रंसुद्धा आपल्याकडे झाली पाहिजेत. १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. ऑर्डनन्स फॅक्टरीचं नाव तर आपल्याकडे पोराटोरांना माहीत. सकाळी भोंगा वाजला की आजूबाजूच्या गावांतल्या बायका चूल पेटवायच्या, घड्याळ कोणाकडे होतं? अशाच एका सरकारी कारखान्यात आजोबा लागले. पणजोबांचं काम एका लढाईने नेलं आणि मुलाला पुढच्या लढायांच्या तयारीने दिलं.

आता कपाकडे येते. कागदावर हुद्दा होता, खातं होतं, पण काम काय ते कागद सांगत नाही. म्हणून मी आजोबांच्या बरोबरीच्या एका काकांना शोधलं. ते कुळगावला मुलाकडे राहतात, वय ब्याऐंशी. ऐकायला कमी येतं, आठवण मात्र लख्ख. मी बिल्ला दाखवला तर त्यांनी तो हातात घेतला आणि नंबर न बघताच, नुसता अंगठ्याने चाचपून वाचला.

काका म्हणाले, आधी सात वर्षं तुझे आजोबा ओतशाळेत होते. तांबं आणि जस्त वितळवून पितळ करायचं. शंभर भागांत सत्तर तांबं, तीस जस्त. त्या पितळेचे ठोकळे, मग ते लाटून पट्ट्या. ‘लाटून’ हाच शब्द त्यांनी वापरला. दोन रुळांमधून पट्टी काढायची, पुन्हा काढायची, पातळ होत जाते. मध्ये मध्ये तापवून मऊ करायची, नाहीतर ती तडकते. मग प्रेसखाली ती पट्टी जाते. आपण मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्यांच्या चकत्या पाडतो ना, तशा चकत्या पाडायच्या आणि त्याच दाबात चकतीला खळगा पडतो. छोटी वाटी तयार होते, बोटाच्या पेरावर बसेल एवढी. तो कप.

मी विचारलं, मग त्याचं पुढे काय?

काका म्हणाले, पुढे तो दुसऱ्या कारखान्यात जातो. तिथे त्याला ओढत ओढत लांब करतात, नळीसारखं. खाली बूड, वर तोंड. त्यात दारू भरतात आणि तोंडात गोळी बसवतात. बंदुकीचं काडतूस.

मी गप्प बसले. चहाचे कप फुटले म्हणा ना. एका रायफलच्या काडतुसाची रिकामी पितळी नळी साधारण एक तोळ्याची असते. एक तोळा म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. १९६२ साली चीनने हल्ला केला, तेव्हा गावोगावच्या बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचं सोनं काढून दिलं. आजीकडे द्यायला काही नव्हतं. आजोबांच्या खात्याने एक दिवसाचा पगार दिला, तेवढंच आमच्या घरचं. पण एक एक तोळ्याचे किती कप त्यांच्या हाताखालून गेले असतील, ते मोजायला कोण बसलंय?

आता त्या तापाचं सांगते.

आजी आयुष्यभर सोमवार करायची. अंबरनाथच्या शिवमंदिरात जायची. शिलाहारांच्या काळचं मंदिर, शके ९८२ चा शिलालेख आहे त्यावर. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, वरून उघडं आकाश. वालधुनीच्या काठाने ती चालत जायची. मी लहानपणी विचारलं होतं, सोमवारच का? ती म्हणाली, ‘तुझ्या आजोबांच्या तापासाठी धरला.’ लग्न झालं तेव्हा आजोबा ओतशाळेत होते. दर सोमवारी कामावरून आले की संध्याकाळनंतर हुडहुडी भरायची, अंग तापायचं, तोंडाला गोडसर चव यायची, पाणी पाणी करायचे. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मंगळवारी सकाळी घाम येऊन मोकळे, पुन्हा डबा घेऊन कामावर. बुधवार, गुरुवार काही नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. हिवताप म्हणून कोयनेल घेतलं, अंगारा लावला, कोणी सांगितलं बाहेरचं आहे, तेही करून झालं. शेवटी आजीने शंकराला धरलं, कारण वार त्याचा.

काकांना मी हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. ‘अगं, तो आम्हाला सगळ्यांना यायचा!’

मग त्यांनी सांगितलं. तांबं वितळतं हजार अंशांच्या वर. जस्त त्याच्या आधीच, नऊशेच्या थोडं पुढे, उकळायला लागतं. म्हणून मुशीत जस्त टाकलं की पांढरा धूर उठतो आणि हवेत कापसासारखे पांढरे तंतू तरंगतात. तो धूर छातीत गेला की काही तासांनी ताप येतो. आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरताईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला पितळ ओतणाऱ्यांचा हा ताप एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांनी लिहून ठेवला आहे. जिथे जिथे पितळ वितळतं तिथे तो असायचा, अमुक एका कारखान्याचा दोष नव्हे. आणि त्याला दुसरं नावच आहे, सोमवारचा ताप. रोज थोडा थोडा धूर घेतला की शरीर त्याला सरावतं. रविवारची सुट्टी झाली की तो सराव मोडतो आणि सोमवारी पहिल्या दिवशी शरीर पुन्हा बंड करतं.

हे ऐकलं आणि मला आजीची एक गोष्ट आठवली. ती नेहमी सांगायची की लढाईच्या दिवसांत महादेवाने ऐकलं. १९६२ च्या त्या महिन्यात आजोबांना एकदाही ताप आला नाही. त्यानंतर कित्येक महिने काम असंच चाललं, ताप नाही. आजीने नारळ फोडला, अभिषेक केला. मग कधीतरी ताप पुन्हा सुरू झाला, तेव्हा तिला वाटलं आपलंच काही चुकलं असेल. तिने उपवास आणखी कडक केला.

काका म्हणाले, लढाईत रविवार होता कुठे? सुट्टी बंद, दिवसाआड जादा पाळी, कधी बारा बारा तास. रोज धूर, एक दिवस खंड नाही. मग ताप यायचाच नाही. काम कमी होऊन रविवार परत मिळाला की सोमवारी ताप हजर. ‘आम्ही म्हणायचो, ताप आला, लढाई संपली.’

मैत्रिणींनो, हे कळल्यावर मला हसावं की रडावं ते कळेना. ज्या दिवसांत माणूस सगळ्यात जास्त राबत होता, त्या दिवसांत घरी वाटत होतं की देव पावला.

१९६५ च्या लढाईपर्यंत आजोबा ओतशाळेतून प्रेसवर, म्हणजे कप खात्यात गेले होते. ताप गेला. आजीने सोमवार सोडला नाही. त्या वर्षी पंतप्रधान शास्त्रीजींनी सांगितलं की देशात धान्य कमी आहे, सगळ्यांनी आठवड्यातून एकदा, सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा. आजी दिवसभर उपास करून संध्याकाळीच सोडायची. शास्त्रीजींचा शब्द ऐकून तिने संध्याकाळचंही सोडलं. मावशी तेव्हा तीन वर्षांची, आई पोटात. कोणी तिला सांगितलं नाही की पोटुशीने असं करू नये. सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं, असं मावशी म्हणते.

१९७१ मावशीला स्वतःला आठवतं. डिसेंबर महिना, खिडक्यांना काळा कागद, कंदिलाच्या काचेला काजळी फासलेली. भोंगा वाजला की चूल विझवायची. आजोबा रात्रपाळीला गेलेले. प्रेसच्या आवाजाने त्यांचे कान तेव्हापासूनच जायला लागले होते. म्हातारपणी आम्हाला वाटायचं ते मुद्दाम ऐकत नाहीत. मी स्वतः कितीदा चिडले आहे त्यांच्यावर.

ज्या कारखान्यांना आपण सरकारी म्हणत आलो, तेही आता बदलले. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या एकेचाळीस आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथचे दोन कारखाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. आजी त्याच वर्षी गेली. अर्जावर कारखान्याचं नाव काय लिहायचं, जुनं की नवं, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शेवटी पीपीओवर होतं तसंच लिहिलं आणि त्याची प्रत जोडली. आणखी एक अडचण निघाली. कुटुंबाच्या माहितीत मावशीचं नाव माहेरचं, मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं आडनाव, आधारवर तिसरंच. प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तुमच्या घरी असा कोणी माणूस नोकरीतून निवृत्त झालेला असेल, तर तो हयात असतानाच त्या कागदावर घरातल्या मुलींची नावं आहेत का आणि ती बरोबर आहेत का, ते बघून घ्या. लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा.

मावशीचा अर्ज गेला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. फोन करते तेव्हा ‘प्रक्रियेत आहे’ असं सांगतात.

तापाचं खरं कारण मी मावशीला सांगितलं. जस्त, धूर, रविवार, सगळं नीट समजावून. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘असेल. पण आईने इतकी वर्षं केलं ते काय उगाच?’ मला उत्तर सुचलं नाही. परवा सोमवारी तिच्याकडे गेले तर ती मंदिरात निघाली होती. बिल्ला तिने देव्हाऱ्यात ठेवला आहे, चिंचेने घासून लख्ख केलेला. मी म्हटलं, नंबर पुसला जाईल गं, अर्जाला लागेल. ती म्हणाली, ‘नंबर मला पाठ आहे.’